नेस्टा अंधार

अबेरवेन गावात आडनावे मोजकीच. जोन्स, विल्यम्स, एव्हान्स, प्रिचर्ड. मग पुन्हा जोन्स. त्यांचा उपयोग टपालवाल्यालाही होत नसे. म्हणून तिथे माणूस धंद्यावरून ओळखला जाई. भट्टीवाला हॉपकिन जोन्स हा हॉपकिन पाव. दारे-खिडक्या करता करता गावातल्या गेलेल्या माणसांच्या शवपेट्याही करणारा विल्यम हा विल्यम पेटी. खाणीतल्या दगडाच्या पातळ पाट्या काढण्यात जन्म घालवलेला ओवेन प्रिचर्ड हा ओवेन पाटी. या नावांत चेष्टा नसे. ज्याला असे नाव मिळाले तो गावाचा झाला, एवढाच त्याचा अर्थ होता.

ओवेनची धाकटी मुलगी नेस्टा हिचे नाव मात्र परक्या माणसाला पहिल्यांदा दचकवीत असे. तिला सगळे नेस्टा अंधार म्हणत.

गावाच्या पाठीला डोंगर आहे. उन्हाळ्यात येणारे इंग्रज पाहुणे त्याला टेकडी म्हणतात, आणि गावकरी ते ऐकून न ऐकल्यासारखे करतात. डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी लाकडी खोली आहे. नेस्टाच्या आजोबांच्या तरुणपणी कुणा हौशी साहेबाने ती बांधली, आणि साहेब गेल्यावर ती गावाकडे राहिली. खोलीला खिडकी नाही. छपरावर टोपडे घातल्यासारखा एक छोटा फिरता मनोरा आहे, त्यात आरसा आणि भिंग. आत मधोमध पांढरे गोल टेबल. दार लावून घेतले की डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख होतो, आणि मग हळूहळू त्या टेबलावर गाव उतरते: समुद्र, धक्का, चॅपेल, धूर सोडणारी धुराडी, रस्त्याने जाणारी माणसे. ते चित्र नसते. लाटा फुटतात, कुत्री पळतात, वाऱ्यावर धुणे हलते. फक्त आवाज नसतो. छतातून खाली आलेला लाकडी दांडा फिरवला की आरसा फिरतो, आणि टेबलावरचे जगही त्याबरोबर सरकते.

नेस्टा विशीत असताना एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात बटाटे सोलत होती. त्या वेळी दांडा म्हाताऱ्या मिस बेव्हन यांच्या हातात होता. त्यांची नजर अधू झाली होती. पण दांडा किती वळला यावरून त्या कुठे काय आहे ते बिनचूक सांगत, आणि पाहुण्यांना त्यांच्या डोळ्यांचा संशयही येत नसे. एके दिवशी त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "आणि हे पाहा, शांत, निळा समुद्र." टेबलावर तेव्हा दाट धुके होते. त्यानंतर गावाने बदली शोधली. नेस्टा बटाट्यांची टोपली ठेवून डोंगर चढली, ती वरच रमली.

तिने लग्न केले नाही. गावात याचे एकच स्पष्टीकरण चाले, आणि ते हॉपकिन पावने दिलेले होते: "ती आम्हा सगळ्यांना वरून बघते हो. वरून टकलं दिसतात."

या कामाचा एक रिवाज होता, आणि तो मिस बेव्हन यांनी नेस्टाला पहिल्याच दिवशी शिकवला होता. गावातल्या दारूच्या गुत्त्याला एक मागचे दार होते. दारू पिणाऱ्याला पुढचे दार पुरे होई. मागचे दार लागे ते चॅपेलच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसून दारूला नावे ठेवणाऱ्यांना. धक्क्याकडून चॅपेलकडे दांडा फिरवताना वाटेत हे दार येई. तिथे दांडा थांबवायचा नाही. मनगटाला हलका हिसका द्यायचा, आणि पाहुण्याला काही कळायच्या आत चॅपेलचे घड्याळ टेबलावर आणायचे. गावात याला 'नेस्टाचा हिसका' म्हणत. खालून पाहणाऱ्यालाही तो कळे; कारण मनोऱ्याचे काळे तोंड ज्या बाजूला वळलेले असेल तिकडे खोली पाहते आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या तोंडाला गाव 'डोळा' म्हणे. डोळा आपल्या गल्लीकडे वळला की मुले हात हलवीत, आणि चॅपेलचे कारभारी मिस्टर एलिस टोपी सारखी करीत.

नेस्टाला कुणी खोदून विचारलेच, तर तिचे उत्तर ठरलेले होते. "दिसलं असेल. बघितलं नाही."

रविवारी खोली बंद असे. रविवारी अबेरवेनमध्ये कोणी धुणेसुद्धा वाळत घालीत नाही. मग गाव टेबलावर मांडून बघणे तर दूरच.

*

नेस्टाच्या आयुष्यात पेच आला तो वडिलांच्या छातीवरून.

वडिलांना ती टाड म्हणे; तिकडची सगळीच मुले म्हणतात. पाट्या काढणाऱ्या माणसाच्या छातीत उतारवयात दगडाची धूळ बोलू लागते. टाडचा खोकला त्या हिवाळ्यात फार वाढला. ईस्टरला थोरली बहीण मेन्ना लिव्हरपूलहून आली. तिचा नवरा गोदीच्या कचेरीत होता. तिच्या घरी गॅसची शेगडी होती आणि स्वतःचे म्हणणे लवकर मांडून मोकळे होण्याची सवय होती.

"टाडला मी घेऊन जाते," जेवताना ती म्हणाली. "नाहीतर तू तो डोंगर सोड. तू वर, म्हातारा माणूस खाली एकटा. रात्रीची तू असतेस, मान्य. दिवसा काय?"

"म्हातारा माणूस इथेच बसलाय," टाड म्हणाले. "त्याला मीठ दे."

मेन्नाने मीठ दिले. "टाड, तिथे सगळी सोय आहे. खिडकीत आरामखुर्ची ठेवीन."

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरचं घर."

"आणि त्यांच्या खिडकीतून?"

"आपलं."

"मग दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं होय," टाड म्हणाले आणि सुपात पाव बुडवू लागले.

टाडला तिकडे पाठवणे म्हणजे झाड उपटून कुंडीत लावणे, हे नेस्टाला दिसत होते. आणि डोंगर सोडायचा म्हणजे काय, हे तिला शब्दांत सांगता आले नसते. ती रोज सकाळी दार लावून घेई, आणि काळोखात गाव उमटताना पाही. इतक्या वर्षांत एकदाही तिला ते जुने वाटले नव्हते. पण मेन्नाचे म्हणणे खोटे नव्हते, आणि खोटे नसलेल्या म्हणण्याशी भांडायला नेस्टाला जमत नसे.

अखेर तिने एक तोड काढली. टाडच्या बैठकीच्या खोलीची खिडकी डोंगराकडे होती. म्हणजे खोलीच्या टेबलावर ती रोज येतच असे. दर तासाला, चॅपेलचे ठोके पडले की टाडने खिडकीच्या कट्ट्यावर पांढरा टॉवेल टाकायचा. ठोक्याला नेस्टा दांडा तिकडे वळवील. पांढरे दिसले की सगळे ठीक. आणि काही बिघडले तर आईचा लाल फ्लॅनेलचा परकर पेटीतून काढून खुर्चीजवळ ठेवलेला असेल, तो टाकायचा. लाल दिसले की नेस्टा खाली.

"ऑगस्ट संपेपर्यंत बघते," मेन्ना म्हणाली. "एकदा जरी चुकलं, तरी मी टाडला न्यायला येईन."

टाडनेही एक अट घातली. "हे घराबाहेर जायचं नाही. ओवेन पाटीवर वरून पहारा ठेवलाय असं गावाला कळलं, तर मी आपण होऊन विल्यमच्या पेटीत जाऊन झोपेन."

त्यामुळे ही गोष्ट तिघांतच राहिली. उन्हाळाभर ती सुरळीत चालली. टाड आळशीपणाने तासातासाला टॉवेल उचलून परत टाकीनासे झाले; तो एकदा टाकलेला दिवसभर तिथेच राही, हे खरे. पण पांढरे ते पांढरे. पाहुण्यांना समुद्र, धक्का, हिसका, चॅपेल दाखवून झाले की नेस्टा क्षणभर त्या खिडकीवर थांबे, आणि पुढे जाई.

*

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका मंगळवारी, पहिल्या गाडीने, कुणालाही न कळवता मेन्ना आली. घरी न जाता ती थेट डोंगर चढली. शहरी टाचांचे बूट घालून ती वर पोहोचली तेव्हा घामाघूम झाली होती.

"कळवलं असतं तर टाड कॉलर लावून, दाढी करून, ठणठणीत होऊन बसले असते," ती बाकावर टेकत म्हणाली. "म्हटलं, आधी तुझी ही पद्धत बघावी."

"चहा घेतेस?"

"आधी बघते."

आत जाणाऱ्यांत बर्मिंगहॅमचे एक नवरा-बायको आणि दोन शिक्षिका होत्या. नेस्टाने सगळ्यांना टेबलाभोवती उभे केले, दार ओढले आणि दांडा धरला. ऊन छान होते. आदल्या दिवशी, सोमवारी, दिवसभर पाऊस लागला होता, आणि म्हणून आज सारे गाव सोमवारचे धुणे मंगळवारी वाळत घालीत होते. टेबलावर जागोजागी दोऱ्या फडफडत होत्या. शिक्षिका हसल्या. बर्मिंगहॅमच्या बाईने टेबलावरच्या एका बोटीला बोट लावून पाहिले, आणि बोट तिच्या नखावरून निघून गेली. मेन्ना जन्माने तिथलीच. पण लग्न लवकर झालेले, आणि डोंगरावर ती लहानपणी एकदाच आलेली. तीही जरा वाकली.

धक्का झाला. हिसका झाला. चॅपेलचे घड्याळ आले, आणि खालून ठोके ऐकू येऊ लागले. नेस्टाने सवयीने दांडा थोडा पुढे नेला.

खिडकीच्या कट्ट्यावर लाल होते.

बोटाच्या नखाएवढे, पण लालभडक. पांढरे काही नव्हते. नेस्टाने टेबल जरा खाली करून चित्र नेमके करून पाहिले. लाल ते लालच राहिले. काळोखात मेन्नाचा श्वास अडकल्याचे तिला ऐकू आले.

"दांडा धर," नेस्टा म्हणाली. आणि मेन्नाच्या हातात दांडा देऊन ती दार मागे ओढून बाहेर पडली.

अंधार म्हणवणारी ती बाई त्या दिवशी भर उन्हात धावली. वाटेची वळणे सोडून तिने शेळ्यांची पायवाट धरली. केसांतल्या पिना गळाल्या. मनात दोनच विचार होते, आणि त्यांची तिला लाज वाटत होती: टाड वाचू देत, आणि मेन्नाने हे आजच बघायला नको होते. दोन्ही एकदमच मनात येत होते आणि कोणते आधी येते हे तिला ठरवता येत नव्हते.

गावाने नेस्टाला आजवर संध्याकाळशिवाय डोंगर उतरताना पाहिले नव्हते. ऊन असताना, पाहुणे वर असताना, डोके उघडे टाकून ती धावते आहे म्हटल्यावर कुणी काही विचारले नाही. विचारायची गरजच नव्हती. हॉपकिन पाव पिठाचे हात घेऊन भट्टीतून बाहेर आला आणि तिच्यामागे निघाला. त्याच्यामागे त्याची बायको, हातात पाव काढायचे लाकडी फावडे तसेच. विल्यम पेटीने रंधा ठेवला, टोपी काढली, मग टोपी काढणे घाईचे होईल असे वाटून पुन्हा घातली. कुठल्या तरी दारातून चॅपेलचे कारभारी मिस्टर एलिसही बाहेर पडले. मिशांना पांढरा फेस तसाच राहिलेला.

नेस्टाने घराचे दार ढकलले.

टाड चुलीशेजारी खुर्चीत बसले होते. मांडीवर बशी होती आणि बशीत थंड तांदळाची खीर. वरची जाडसर साय चमच्याने कडेने सोडवीत ते ती शेवटी खायला राखून ठेवीत होते.

"तू खाली कशी?" ते म्हणाले. "डोंगर बंद केला का?"

नेस्टाने खिडकीकडे बोट केले.

टाडने मान वळवून पाहिले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून शेजारच्या लेसामावशी आल्या. त्यांचे हात साबणाने भिजलेले होते. लेसामावशी विधवा होत्या, आणि ओवेन पाटीचे कपडे धुणे हा त्यांनी स्वतःवर लादून घेतलेला धर्म होता.

"अगं, ती टाडची फ्लॅनेलची बंडी," त्या म्हणाल्या. "छातीला लावायची. काल वाळली नाही, माझी दोरी भरली, आणि या खिडकीला काय सुरेख ऊन येतं. तिथे एक मळका टॉवेल पडला होता. उन्हाळाभर तिथेच पडून होता बाई, कुणी बघितला म्हणजे काय म्हणेल. तो भिजत घातलाय."

नेस्टा खाली बसली. जमिनीवरच बसली.

"नेस्टा बाख," टाड हळू आवाजात म्हणाले. चाळिशी उलटली तरी ती त्यांना बाखच होती, म्हणजे चिमुकली. "तुला वाटलं, मी..."

"लाल दिसलं," ती म्हणाली.

दार उघडेच होते, आणि दारात आता अर्धी गल्ली उभी होती. टाडने त्यांच्याकडे एकेक करून पाहिले. नजर विल्यमवर आली तशी ती थांबली.

"तू कशाला आलास?"

"सहज," विल्यम पेटी म्हणाला.

"मोजपट्टी घेऊन सहज?"

विल्यमने हातातली पट्टी पाठीमागे केली. "कामावर होतो. हातात राहिली."

"लांबी लिहून घे, आलाच आहेस तर. पण रुंदी थांबव. खीर आहे अजून."

हॉपकिनची बायको पहिल्यांदा हसली, आणि मग सगळ्यांनाच ते जमले. लेसामावशींना काय झाले ते दोनदा सांगावे लागले. कळले तेव्हा त्या ओल्या हातांनी डोळे पुसायला गेल्या आणि साबण डोळ्यांत गेला. गुपित अर्थातच फुटले होते. ओवेन पाटीवर वरून पहारा आहे हे आता गल्लीला, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला ठाऊक होणार होते. टाडने राखलेली साय तोंडात टाकली.

"वर कोण आहे मग?" मिस्टर एलिस यांनी विचारले. ते खिडकीतून डोंगराकडे पाहत होते. "डोळा हलत नाही."

नेस्टा उठली. सगळेच खिडकीशी, काही रस्त्यावर आले. खोलीच्या माथ्यावरचे ते काळे तोंड नेमके त्यांच्या गल्लीवर रोखलेले होते, ढळत नव्हते.

"मेन्ना आहे," नेस्टा म्हणाली.

मेन्ना कशासाठी आली असेल हे सांगायची गरज नव्हती. ओवेनच्या थोरलीचा ईस्टरचा आवाज भिंतीपलीकडे लेसामावशींनी ऐकला होता, आणि लेसामावशींनी ऐकलेले गावाने ऐकलेले असे.

"तिला सांगा मी बरा आहे," टाड म्हणाले आणि खुर्चीतून उठले. उठताना खोकला आला. तो थांबेपर्यंत ते खुर्चीला धरून उभे राहिले. मग खिडकीशी येऊन त्यांनी हाताला लागलेले कापड उचलले आणि डोंगराकडे जोराने हलवू लागले.

"टाड, लाल!" नेस्टा म्हणाली.

लेसामावशींनी बंडी हिसकून घेतली. पांढरे काही सापडेना. टॉवेल भिजत होता. शेवटी हॉपकिनने आपला पिठाचा एप्रन सोडून टाडच्या हातात दिला. टाडने तो हलवला, पीठ उडाले, आणि मग गल्लीतली सगळी माणसे, कशाला ते नीट न समजता, डोंगराकडे हात हलवू लागली. विल्यम पेटीने मोजपट्टी हलवली.

वर काही क्षण काहीच झाले नाही. मग डोळा किंचित डावीकडे वळला. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे. माणूस नको-नको म्हणत मान हलवतो तसा.

"नाही म्हणतेय का ती?" हॉपकिन म्हणाला.

"दांडा आडवाच फिरतो," नेस्टा म्हणाली. "हो म्हणायचं असलं तरी तसंच म्हणावं लागतं."

*

ती परत वर पोहोचली तेव्हा पाहुणे बाहेर बाकावर बसले होते, आणि फार खुश होते. बर्मिंगहॅमच्या गृहस्थाने उठून तिचा हात हातात घेतला.

"उत्तम. आम्ही नाटकं खूप बघितली, पण असं नाही. त्या फावडेवाल्या बाई तर कमाल. दुपारी पुन्हा असतो का प्रयोग?"

"रोज नसतो," नेस्टा म्हणाली.

ते उतरून गेल्यावर ती बहिणीजवळ बसली. हॉपकिनने वाटेत तिच्या हातात मनुकांचा पाव कोंबला होता. तो तिने मधोमध मोडला. दोघी खाऊ लागल्या. मेन्नाने बूट काढून ठेवले होते. तिची एक टाच सोलवटली होती.

"तू विहिरीपाशी पडलीस," मेन्ना म्हणाली.

"घसरले."

"पडलीस. मी बघितलं. तुला उचलायला हात पुढे केला, तर टेबलाला लागला." तिने पावाचा तुकडा तोडला. "आणि मग एकेक दार उघडायला लागलं. तुला ते दिसलं नाही, तू पुढे होतीस. हॉपकिनने भट्टीचं दारसुद्धा लावलं नाही."

"पाव जळले त्याचे. म्हणून हा दिला, हा बाहेर काढलेला होता."

मेन्नाने मांडीवरचे पावाचे कण झटकले. "आमच्या गल्लीत पलीकडच्या घरात एक बाई आहेत. किती वर्षं झाली. त्यांचं आडनाव तेवढं मला ठाऊक आहे."

नेस्टाने उरलेला पाव तिच्यापुढे केला.

"आणि मिस्टर एलिस," मेन्ना म्हणाली. "ते कुठल्या दारातून बाहेर आले..."

"मेन्ना."

"मी काही म्हणत नाही. मला तो हिसका द्यायला कुठे येतो? टेबलावर आले, दिसले."

"दिसले ना," नेस्टा म्हणाली. "बघितले नाहीस."

मेन्ना हसली. लहानपणी हसताना ती नाकावर हात धरी, तसा तिने आताही धरला. मग तिने बूट चढवायला घेतले, आणि आता ती ठरवलेले बोलणार, हे नेस्टाला कळले.

"लाल रंग मूर्खपणाचा आहे," मेन्ना नाडी बांधत म्हणाली. "या गावात प्रत्येकाच्या छातीला लाल फ्लॅनेल. लाल कसलं ठेवता? गावात कुणाकडेच नाही असा काहीतरी रंग पाहिजे."

नेस्टाला हे उत्तर आहे हे कळायला जरा वेळ लागला.

"मी पाठवते," मेन्ना म्हणाली. "चल, खाली. टाडने खीर ठेवली असेल का?"

"साय संपवली."

संध्याकाळच्या गाडीने मेन्ना परतली. टाडला न्यायचा विषय तिने काढला नाही, आणि टाडनेही तो काढून दिला नाही. स्टेशनवर पोहोचवायला मात्र विल्यम पेटी आला होता, तिचे सामान उचलायला. आणि मेन्नाने त्याला बजावले, की मोजमापाची घाई नको. तो म्हणाला, लाकूडच नाही सध्या.

*

आठवड्याने लिव्हरपूलहून पुडके आले. आत एक टेबलावरचे कापड होते. पिवळे, आणि तेही साधे पिवळे नाही, तर पिवळ्या फुलांच्या काटेरी गोर्स-झुडपांनी मे महिन्यात डोंगर पेटतो तसे. अबेरवेनच्या कुठल्याही दोरीवर असा रंग कधी वाळला नव्हता. लेसामावशींनी ते दोन बोटांत धरून पाहिले आणि पक्का असेल का रंग, अशी शंका काढली.

नेस्टाने टाडला नवी रीत समजावली. पांढरा टॉवेल रोजचा. हे पिवळे खुर्चीजवळ राहील. काही झाले तर हे टाकायचे.

टाडने कापड मांडीवर पसरले. पाट्या काढणाऱ्या माणसाची बोटे जाड होतात, पण दगडाची शीर शोधायची त्यांची सवय जात नाही. ते कापडाच्या काठावरून बोट फिरवीत राहिले.

"एवढं चांगलं कापड वाईट बातमीला?" ते म्हणाले.

"टाड, पाठवलं त्यासाठीच आहे."

"नेस्टा बाख, जरा विचार कर. मी खरोखर आडवा झालो, तर उठून खिडकीशी जाऊन कापड कोण टाकणार? टाकायला उठता आलं, तर मग मला झालंय काय?"

सबंध उन्हाळाभर हे नेस्टाच्या लक्षात आले नव्हते. मेन्नाच्याही आले नव्हते.

"हे मी रोज सकाळी टाकीन," टाड म्हणाले. "संध्याकाळी काढीन. पिवळं असलं की मी उठलोय. नसलं की ये. आणि धावत येऊ नकोस, विहिरीपाशी दगड सुटे आहेत."

"तुम्हाला कसं कळलं विहिरीपाशी..."

"मेन्नाने बघितलं म्हणाली."

तेव्हापासून ते तसेच चालले. सकाळी खोलीचे दार लावून घेतले की काळोखात गाव उमटते, आणि गावात एका खिडकीवर तो पिवळा ठिपका उमटतो. पाहुणे आता आपण होऊन विचारतात. समुद्र, धक्का, चॅपेल पाहून झाले की कुणीतरी टेबलावर वाकून त्या ठिपक्यावर बोट ठेवते.

"हे काय आहे, पिवळं?"

तिथे नेस्टा दांडा फिरवायची थांबते.

"ते आमचे टाड," ती म्हणते, आणि मग पुढे समुद्राकडे जाते.